धूर दिसला, तिथं गाव होतं



आपल्या भागात धरणामुळे उठून आलेली एक वस्ती आहे. मागच्या महिन्यात आम्ही रेकॉर्डर घेऊन तिथं गेलो होतो. ओट्यावर सात-आठ जणी बसल्या होत्या. आम्ही सहज विचारलं, "ही वस्ती वसली केव्हा?" बाजूला उभ्या असलेल्या एका भाऊंनी लगेच साल सांगितलं. प्लॉट वाटप झालं ते साल. त्यावर एक आजी म्हणाल्या, "ते कागदावरचं. खरी वसली हापसा लागला तेव्हा." दुसऱ्या म्हणाल्या, "नाही गं, माझ्या सुनेचं पहिलं बाळंतपण इथं झालं ना, तेव्हापासून मला हे गाव आपलं वाटायला लागलं." तिसरी म्हणाली, "मला तर मुलगी पहिल्यांदा शाळेत गेली तेव्हा."

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण परत येताना गाडीत आमची चर्चा त्याच एका प्रश्नावर चालली होती. गाव वसलं असं नेमकं कधी म्हणायचं? वाटप झालं तेव्हा, घर उभं राहिलं तेव्हा, की सातबाऱ्यावर नाव चढलं तेव्हा? आणि हे टप्पे ठरवतं कोण?

आज त्याच प्रश्नावर बोलू या. त्यासाठी जरा लांब जाऊ, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात. तिथं निकोडेमस नावाचं एक लहानसं खेडं आहे. ते वसलं १८७७ साली. त्या सालाचा अंदाज यावा म्हणून सांगतो, त्या वेळी आपल्या दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता आणि सावित्रीबाई फुले जुन्नर भागात दुष्काळग्रस्तांसाठी धावपळ करत होत्या. त्याच साली तिकडे, गुलामगिरीतून सुटलेली माणसं ओसाड माळावर गाव वसवायला निघाली होती.

ही माणसं कोण होती

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय माणसांना गुलाम म्हणून राबवलं जात होतं. यादवी युद्धानंतर, १८६५ साली, गुलामगिरी कायद्याने संपली. १८६८ मध्ये या लोकांना नागरिकत्व मिळालं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी ही गोष्ट किती मनावर घेतली होती ते तुम्हाला ठाऊक असेल. १८७३ मधलं आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली.

पण सुटका झाली म्हणून पोट भरत नाही. जमीन जुन्या मालकांचीच राहिली. सुटलेले लोक त्यांच्याच शेतावर वाट्याने राबू लागले, कर्जात अडकले. काही वर्षं केंद्र सरकारचं सैन्य दक्षिणेत होतं, त्यामुळे थोडा वचक होता. १८७७ मध्ये तो आधारही गेला. मारहाण, धाकदपटशा, मतदानाला जाऊ न देणं हे सगळं वाढत गेलं. अशा वेळी कोणी म्हटलं, चला, दूर कुठेतरी आपली स्वतःची जमीन घेऊ, तर माणूस विचार करणारच.

आणि जमीन मिळण्याची एक वाट खरोखर होती. १८६२ चा होमस्टेड कायदा. वय २१ पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या नागरिकाला सरकार १६० एकर, म्हणजे सुमारे ६५ हेक्टर जमीन देत असे. किंमत नाही, फक्त साधारण १८ डॉलर फी. अट अशी की तिथं घर बांधायचं, राहायचं आणि पाच वर्षं जमीन कसून दाखवायची.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवायला हवी. सरकार ज्या जमिनीला मोकळी म्हणत होतं, ती काही कोणाचीच नव्हती असं नाही. तिथं पॉनी, कॉ, शायेन अशा मूळ रहिवाशांचा वावर होता, शिकारीच्या वाटा होत्या. त्यांना तिथून हटवल्यावर ती जमीन 'मोकळी' झाली. एकाचं गाव वसतं तेव्हा कधी कधी दुसऱ्याचं उठलेलं असतं. हे आपल्या वस्तीतल्या बायकांना वेगळं सांगायची गरज नाही.

टाउनशिप म्हणजे काय

आपल्याकडे टाउनशिप म्हटलं की फाटक, बाग आणि मोठ्या इमारती डोळ्यांपुढे येतात. तिथला अर्थ निराळा आहे. अमेरिकी सरकारने माळरानाची मोजणी चौकोनात केली. ६ मैल लांब आणि ६ मैल रुंद, म्हणजे जवळजवळ १० किलोमीटर बाजू असलेला एक चौकोन. त्याला म्हणायचं टाउनशिप. त्याचे ३६ भाग. प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. त्या भागाचे चार तुकडे केले की प्रत्येकी १६० एकर. तोच एका कुटुंबाचा वाटा.

या ३६ भागांपैकी १६ आणि ३६ क्रमांकाचे दोन भाग कॅन्ससमध्ये शाळांसाठी राखून ठेवले होते. माणूस यायच्या आधी नकाशावर शाळेची जमीन बाजूला काढलेली. ही गोष्ट आम्हाला फार आवडली. अर्थात, जमीन राखली म्हणजे शाळा झाली असं नव्हे. ते पुढे येईलच.

अशाच एका टाउनशिपमध्ये, सॉलोमन नदीच्या जवळ, १६० एकरांवर गाव वसवायचं ठरलं. त्यासाठी १८७७ मध्ये एक मंडळी नोंदवली गेली. तिच्यात दोन गोरे आणि सहा कृष्णवर्णीय होते. डब्ल्यू. आर. हिल हे जमिनीचा व्यवसाय करणारे गोरे गृहस्थ आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय पुढारी, ही त्यातली मुख्य नावं. हस्तपत्रकं छापली गेली, चर्चमध्ये भाषणं झाली. सुपीक जमीन, भरपूर पाणी, वसत आलेलं गाव, असं सगळं रंगवून सांगितलं गेलं. त्या उन्हाळ्यात पहिले रहिवासी आले. सप्टेंबरमध्ये केंटकी राज्यातून तीनशेच्या वर माणसं आली.

"गाव कुठं आहे?"

पुढच्या वसंतात, म्हणजे १८७८ मध्ये, केंटकीहून आणखी एक जथा निघाला. त्यात विलियाना हिकमन नावाची एक बाई होती. नवरा डॅनियल धर्मोपदेशक. बरोबर मुलं. रेल्वे एलिस या गावापर्यंत. तिथं उतरल्यावर मुलांना गोवर निघाला, म्हणून या लोकांनी तंबू ठोकून मुक्काम केला. पुढचा ५५ किलोमीटरचा रस्ता म्हणजे रस्ता नव्हताच. नुसतं गवत. घोडागाड्यांत सामान आणि मुलं, मोठी माणसं जमेल तशी चालत, दिशा होकायंत्रावर.

अखेर पुढे गेलेले पुरुष ओरडले, निकोडेमस आलं! विलियाना आजारी होत्या, तरी उठून पाहू लागल्या. घर नाही, झाड नाही, कौल नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं, गाव कुठं आहे? त्याने बोट दाखवलं. जमिनीतून ठिकठिकाणी धूर वर येत होता. तो म्हणाला, तेच निकोडेमस. माणसं जमिनीत खोदलेल्या बिळांसारख्या घरांत राहत होती. विलियाना रडू लागल्या.

मैत्रिणींनो, लग्न करून नव्या गावी आलेल्या, किंवा धरणाच्या गाडीत बसून माळावर उतरलेल्या बाईला हे रडणं समजावून सांगावं लागणार नाही.

आदल्या वर्षीच्या सप्टेंबरात आलेल्यांपैकीही अनेक कुटुंबं ते दृश्य पाहून लगेच मागे फिरली होती. जाहिरात करणाऱ्या हिल यांच्यावर लोक इतके खवळले की त्यांना काही काळ लपून राहावं लागलं, असं तिथले लोक सांगत आले आहेत. पण मागे फिरायलाही पैसे लागतात. ज्यांनी होतं नव्हतं ते विकून तिकीट काढलं होतं, ते राहिले.

पहिला टप्पा: डोक्यावर छप्पर, चुलीत जाळ

त्या माळावर लाकूड जवळजवळ नाहीच. मग घर कशाचं बांधायचं? उतारावर आत खणत जायचं. तीन बाजूंना जमिनीच्याच भिंती, पुढे दार. वर फांद्या आणि वाळकं गवत, त्यावर मातीचा थर. एका टोकाला चूल आणि धुराडं. विलियानांना लांबून दिसला तो याच धुराड्यांचा धूर. आत थंडी कमी लागे हे खरं, पण पाऊस आला की छत गळे, माती अन्नात पडे, सापही निघत.

पुढे थोडी सवड मिळाल्यावर लोक जमिनीवर घरं बांधू लागले. नांगराने गवताच्या मुळांसकट मातीचे लांब पट्टे कापायचे, त्यांच्या लाद्या करायच्या आणि विटांसारख्या एकावर एक रचायच्या. मुळांच्या जाळ्यामुळे त्या घट्ट बसत. भिंत जाड, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा. दगडाचं किंवा फळ्यांचं घर ही त्याच्याही पुढची पायरी.

आणि सरपण? आपण गोवऱ्या थापतो. तिथल्या बायका माळावर फिरून रानबैलांचं वाळलेलं शेण गोळा करत. सूर्यफुलाची वाळकी ताटंही जाळत. रानबैलांचे कळप तोवर बहुतेक मारले गेले होते, नुसती हाडं पडलेली. ती हाडं वेचून एलिसला नेऊन विकायची, ती खतासाठी जात. त्यातून चार पैसे मिळत.

पुरुषांपैकी बरेच जण मजुरीसाठी बाहेर पडले. रेल्वेच्या कामावर, दूरच्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे. कित्येक जण चालत जात. म्हणजे त्या पहिल्या हिवाळ्यात गाव सांभाळलं कोणी? मागे राहिलेल्या बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी. इतिहासाच्या पुस्तकात "पुरुष कामासाठी बाहेर गेले" हे एक वाक्य असतं. त्या वाक्याच्या पोटात एक अख्खा हिवाळा असतो आणि तो बायकांनी काढलेला असतो.

तो हिवाळा कठीण होता. पेरणीच्या हंगामात लोक पोचलेच नव्हते, म्हणून घरात धान्य नव्हतं. शिकारीवरून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचं अन्न त्यांना दिलं, ही आठवण निकोडेमसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ओसेजही कॅन्ससमधून हटवले गेलेलेच. जे स्वतः उठवले गेले होते त्यांनी नव्याने आलेल्यांना जगवलं.

दुसरा टप्पा: पहिलं बाळ

ऑक्टोबर १८७७ मध्ये, गावात येऊन काहीच आठवडे झाले असताना, एमा विल्यम्स बाळंत झाल्या. तशाच मातीच्या घरात. निकोडेमसमध्ये जन्मलेलं ते पहिलं बाळ. नाव ठेवलं हेन्री. आजही निकोडेमसची हकिगत सांगताना हेन्रीचं नाव घेतलं जातं.

आम्हाला वाटतं, पहिल्या बाळाची नोंद का ठेवतात याला कारण आहे. आलेला प्रत्येक जण मूळचा दुसरीकडचा असतो. परत जाऊ शकतो. पण जे मूल तिथंच जन्मलं, त्याचं गाव तेच. त्याला मागे फिरायला दुसरी जागा नाही. ओट्यावरच्या आजी सुनेच्या बाळंतपणाचं बोलत होत्या, ते हेच.

तिसरा टप्पा: शाळा आणि टपाल

पहिल्या रहिवाशांत झॅकरी आणि जेनी फ्लेचर हे जोडपं होतं. जेनी या वर सांगितलेल्या स्मिथ यांच्या कन्या. झॅकरी स्वतः गुलामगिरीतून सुटलेले. जेनी यांनी आपल्याच जमिनीत खणलेल्या घरात मुलांना शिकवायला सुरुवात केली. हा निकोडेमसचा पहिला वर्ग.

याचं मोल कळायला एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हाच गुन्हा होता. त्या आई-बापांची मुलं आता पाटीवर अक्षरं काढत होती. घरात पोटभर नाही, छतातून माती गळते आहे, आणि तरी शाळा भरते आहे. सावित्रीबाईंच्या लेकींना हे नवं नाही.

१८७९ मध्ये शाळेचा रीतसर विभाग नोंदवला गेला. ग्रॅहम काउंटीतला, म्हणजे त्या तालुक्यासारख्या मुलखातला, तो पहिला क्रमांक, डिस्ट्रिक्ट नंबर वन. आजूबाजूच्या गोऱ्या वस्त्यांच्याही आधी. आणखी एक गंमत ऐका. त्या काळी अमेरिकेत बायकांना बहुतेक ठिकाणी मत नव्हतं. पण कॅन्ससच्या घटनेने १८६१ पासून शाळेच्या विभागाच्या निवडणुकीत बायकांना मताचा हक्क दिला होता.

टपालाचंही तसंच. सप्टेंबर १८७७ मध्ये गावाला पोस्ट मिळालं आणि पोस्टमास्तर म्हणून झॅकरींचं नाव लागलं. काही ठिकाणी मात्र पहिल्या पोस्टमास्तरीण म्हणून जेनी यांचंच नाव सांगतात. घरातल्याच पोस्टात पत्रं कोण वेगळी करत असेल याचा अंदाज तुम्हीच करा! पोस्टाचं महत्त्व असं की पोस्ट आलं की गावाला पत्ता मिळतो. सरकारच्या लेखी तुम्ही आता कुठेतरी राहता. फ्लेचर कुटुंबाने पुढे १८८० च्या सुमारास सेंट फ्रान्सिस नावाचं हॉटेलही बांधलं. ती इमारत अजून उभी आहे.

चौथा टप्पा: "आता मदत नको"

पहिली दोन वर्षं बाहेरच्या मदतीशिवाय निभावणं शक्यच नव्हतं. गावातली माणसं पूर्व कॅन्ससमध्ये जाऊन अन्न, कपडे, बियाणं मागून आणत. नांगर ओढायला घोडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी कुदळ-फावड्याने जमीन फोडली. त्या गवताची मुळं इतकी घट्ट असतात की फाळही वळतो. तिथं माणसांनी हाताने मका पेरला.

आणि मग १८७९ मध्ये गावाने बैठक घेऊन ठरवलं की वसाहतीच्या नावाने यापुढे मदत मागायची नाही. मदत करणाऱ्यांचे आभार मानले आणि वसाहतीची मंडळीही मोडून टाकली. आता वसाहत नाही, गाव. एकेक कुटुंब आपापल्या पायावर.

हा टप्पा आम्हाला सगळ्यांत मोठा वाटतो. मदत घेणं कमीपणाचं आहे असं आम्ही म्हणत नाही. अडीअडचणीला हात पुढे करावाच लागतो आणि हक्काचं ते मागावंच. पण "आता पुरे, यापुढे आमचं आम्ही पाहू" हे कधी म्हणायचं, ते ज्याने मदत घेतली त्यानेच ठरवलं. बचत गटातलं पहिलं कर्ज फेडल्यावर आपल्याला जे वाटतं, त्याच जातीचं हे.

पाचवा टप्पा: कागद

पाच वर्षं झाली की होमस्टेडवाल्याने जमीन कचेरीत जायचं. बरोबर दोन साक्षीदार. त्यांनी सांगायचं, हो, हा माणूस इथं राहतो, इतके एकर फोडले, घर आहे, विहीर आहे. मग सरकार मालकीचा कागद देई. ज्यांना एके काळी स्वतःच मालमत्ता म्हणून विकलं गेलं होतं, त्यांच्या हातात आता मालमत्तेचा कागद. यापेक्षा जास्त आम्ही काय सांगावं?

बायकांचं काय? हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. होमस्टेडचा कायदा त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता. अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेली बाई स्वतःच्या नावावर १६० एकरांचा अर्ज करू शकत होती. पण नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला तो हक्क नव्हता. कारण कुटुंबप्रमुख नवरा. म्हणजे शेण वेचलं तिनं, पाणी आणलं तिनं, हिवाळ्यात घर राखलं तिनं, आणि कागदावर नाव त्याचं. आज आपल्याकडे सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्यासाठी अजूनही तलाठ्याकडे हेलपाटे घालावे लागतात. दीडशे वर्षं आणि दोन देश, पण प्रश्न तोच.

कागदाबरोबर कारभारही आला. १८८० मध्ये ग्रॅहम काउंटी रीतसर स्थापन झाली. निकोडेमसचे एडवर्ड मॅकेब हे काउंटीचे कारकून नेमले गेले. १८८२ मध्ये ते निवडणूक जिंकून राज्याचे लेखापरीक्षक झाले. कॅन्ससमध्ये राज्यपातळीवरच्या पदावर निवडून आलेले ते पहिले कृष्णवर्णीय.

जो टप्पा आलाच नाही

१८८० नंतर गाव वाढलं. दुकानं, चर्चं, दोन वर्तमानपत्रं. आता एकच गोष्ट हवी होती, रेल्वे. त्या काळी ज्या गावातून रूळ जाई ते जगे. धान्य विकायला, लाकूड आणायला दुसरा मार्गच नव्हता. १८८७ मध्ये टाउनशिपने मतदान घेतलं आणि रेल्वे कंपनीला आपल्याकडे ओढण्यासाठी १६,००० डॉलरचे रोखे देण्याचं ठरवलं. दहा वर्षांपूर्वी जे बिळांत राहत होते त्यांनी!

रेल्वे आली नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीचे रूळ पडले ते नदीच्या पलीकडून, काही मैलांवरून. तिथं बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं आणि दुकानदारांनी आपला बाडबिस्तरा तिकडे हलवला. निकोडेमसची भरभराट तिथंच थांबली. पुढे १९३० नंतरच्या दुष्काळात आणि धुळीच्या वादळांत आणखी लोक गेले. १९५३ मध्ये पोस्टही बंद झालं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग फसलंच की गाव. आम्हाला तसं वाटत नाही. आज तिथं मोजकीच घरं आहेत हे खरं. पण दर वर्षी जुलैच्या शेवटी गुलामगिरीतून सुटकेचा सण होतो आणि त्या पहिल्या कुटुंबांची नातवंडं-पतवंडं दूरदूरच्या शहरांतून येतात. आपल्याकडे जत्रेला मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात तशी. १९९६ मध्ये अमेरिकेच्या सरकारने निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं. जपलेल्या इमारती पाच आहेत. दोन चर्चं, फ्लेचर यांचं हॉटेल, टाउनशिपचं सभागृह आणि शाळा.

हे सगळं आपल्याला कळलं कसं

शेवटी एक गोष्ट. विलियाना हिकमन रडल्या हे आपल्याला कळलं, कारण त्यांनी ते सांगितलं आणि कोणीतरी लिहून घेतलं. त्यांची आठवण १९३७ साली कॅन्ससच्या एका वर्तमानपत्रात छापून आली, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. लहानपणी निकोडेमसला आलेल्या लूला क्रेग पुढे शिक्षिका झाल्या. त्यांनी गावाच्या जुन्या आठवणी जमवून लिहून ठेवल्या. या बायका बोलल्या नसत्या, लिहित्या झाल्या नसत्या, तर उरली असती ती फक्त मंडळीची नोंद, जमिनीचे क्रमांक आणि रोख्यांची रक्कम. धूर कोणाला दिसला असता?

म्हणून मैत्रिणींनो, तुम्हाला एक काम देतो. एक साधी वही घ्या. तिच्यात आपल्या वस्तीचे पहिले टप्पे लिहा. पहिली चूल कोणाची पेटली? पहिलं पाणी कुठून आणलं, किती लांबून? पहिलं बाळंतपण कोणाचं, सुईण कोण होती? पहिला वर्ग कोणाच्या पडवीत भरला? पहिलं लग्न, पहिलं मर्तिक, पहिली एसटी, पहिला दिवा. पहिल्यांदा सातबाऱ्यावर कोणा बाईचं नाव चढलं? आणि जे मिळालंच नाही तेही लिहा. जसं निकोडेमसची रेल्वे. त्याचीही नोंद हवी, कारण मागणी तिथूनच सुरू होते.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, नातीने लिहावं. तारीख आठवत नसेल तर "त्या साली ज्वारी गेली होती" असं लिहिलं तरी चालेल. घरातल्या वयस्कर बाईपासून सुरुवात करा आणि उशीर करू नका.

वही घेऊन आमच्या केंद्रावर या, किंवा आम्हाला बोलवा. आम्ही रेकॉर्डर घेऊन येतो. त्या ओट्यावरच्या आजींकडे आम्ही पुढच्या बुधवारी पुन्हा जाणार आहोत. हापशाच्या दिवसाची गोष्ट अजून पुरी सांगून झालेली नाही, असा त्यांचा निरोप आला आहे.

येतो मैत्रिणींनो. नमस्कार.